ज्योतीची उंची

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाबाहेर देवास गेटचा गजबजलेला भाग आहे. तेथून नैर्ऋत्येस, क्षिप्रेच्या काठाकडे गेले की सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा लागते. तेथील शंकूच्या सावलीवरून सूर्याची आकाशातील उंची काढता येते. सूर्य हाताशी नाही, सावली मात्र आहे. पोलादाचे पत्रे कापणाऱ्या प्लाझ्मा यंत्रातही युक्ती हीच.

या यंत्रात विजेची ज्योत, कारागिरांचा ‘आर्क’, वायूला इतकी तापविते की त्याचा विद्युद्वाहक प्लाझ्मा बनतो. हा झोत ज्यातून निघतो ती टॉर्च पत्र्याच्या वर साधारणतः १.५ ते ३ मिलिमीटरवर राहावी लागते. पण उष्णतेने पत्रा वाकतो. अंतर वाढले तर कापाची कड तिरपी होते. घटले तर तांब्याची नोझल पत्र्यास घासून निकामी होते. त्या धगीत मोजपट्टी धरणार कोण?

म्हणून अंतर मोजायचेच नाही, विद्युत्‌दाब मोजायचा. ज्योत जितकी लांब, तितका इलेक्ट्रोड व पत्रा यांमधील दाब अधिक. पुष्कळ यंत्रांत मिलिमीटरमागे सुमारे १० व्होल्ट. ठरविलेल्या आकड्याहून दाब चढला की मोटर टॉर्च खाली आणते, उतरला की वर उचलते. आरंभी मात्र नोझल पत्र्यास अलगद टेकवून शून्य ठरवितात. मग भोक पाडताना टॉर्च कापण्याच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट वर ठेवतात, नाहीतर वितळलेले पोलाद उसळून नोझलवर बसते.

परंतु शंकू कललेला असेल तर सावलीही फसविते. इलेक्ट्रोडमधील हाफ्नियमचा ठिपका झिजून खळगा पडला की टॉर्च जागची न हलताही ज्योत लांबते, दाब चढतो. यंत्रास वाटते टॉर्च वर गेली, आणि ते तिला खाली खाली नेते. कोपऱ्यावर गती मंदावते, फट रुंदावते, तेव्हाही हेच. यासाठी कोपऱ्यापुरते नियंत्रण थोपवून ठेवतात. झिजेचे मात्र यंत्रास स्वतःहून कळेलच असे नाही. जाणता कारागीर कापलेली कड न्याहाळतो आणि त्याप्रमाणे दाबाचा आकडा थोडा थोडा वाढवीत जातो. नवा इलेक्ट्रोड बसविताच तो आकडा पुन्हा उतरवावा लागतो. नाहीतर टॉर्च उंचच राहते आणि पहिलाच तुकडा तिरका निघतो.