वाघाने स्वतः काढलेला फोटो



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आधी मिलिटरीत, मग पोलिसांत होतास, तर तुझे अनुभव सांग." माझे निम्मे अनुभव बंदोबस्ताचे. गणपतीत आणि निवडणुकीत बारा-बारा तास उभं राहण्यात सांगण्यासारखं काय असतं? म्हणून माझ्याआधी साठेक वर्षं याच दोन खात्यांतून गेलेल्या एका माणसाबद्दल बोलतो. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन.

जन्म १८९३, इंग्लंडात. वडील कीटकांचे अभ्यासक. थोरला भाऊ हॅरी वनशास्त्रज्ञ. भारतातल्या जंगलांच्या प्रकारांची त्याने केलेली वर्गवारी आजच्या वर्गवारीचा पाया आहे. फ्रेडरिक १९१३ साली इथे आला तो पूर्व बंगालच्या पोलिसांत. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, वायव्य सरहद्दीवर कोहाटला राहिला, कॅप्टन झाला. युद्धानंतर वनखात्यात शिरला, संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात.

त्या काळी साहेब आणि जंगल म्हटलं की शिकार आलीच. याने बंदुकीच्या जागी कॅमेरा घेतला. वाघाच्या वाटेवर कॅमेरा रोवायचा, वाटेत बारीक तार ताणायची. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पडे आणि फोटो निघे. म्हणजे वाघच स्वतःचा फोटो काढणार! रात्रभरात संधी एकच. तारेला कोण अडकेल याचाही नेम नाही. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर ३ ऑक्टोबर १९२५ ला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने त्याचे वाघ पहिल्या पानावर छापले. पुढे त्याची दोन पुस्तकं आली, १९२७ आणि १९३४ साली. बंदुकीचे परवाने आवरा, राखीव जंगलात मोटारी नकोत, जनावरं मारण्याची बक्षिसं कमी करा, असं तो सांगत राहिला. त्याचे फोटो पाहून जिम कॉर्बेटनेही कॅमेरा उचलला.

मला मात्र त्याची एक गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, फोटोवरून वाघ ओळखता येतो, हे त्याने दाखवून दिलं. बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं होतं आणि चॅम्पियन बंगालचाच पोलीस. ही युक्ती खात्यातूनच आली असावी, हा आपला माझा पोलिसी तर्क!

आता माझं सांगतो. विदर्भातल्या एका ठाण्यात असताना एक शेतकरी आला. शेजाऱ्याने रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडलाय, रोही मेली, म्हणाला. मी चहा पीत होतो. "हे जंगलवाल्यांचं काम, तिकडे जा," म्हणून वाटेला लावलं. पंधरा दिवसांनी त्याच तारेला वाघीण चिकटली.

पंचनाम्याला मी होतो. रेंजरसाहेबांनी तिच्या कुशीवरचे पट्टे टिपले आणि कचेरीत ट्रॅप कॅमेऱ्याचे जुने फोटो काढून ताडून पाहिले. हल्ली तार नसते, जनावराच्या अंगाच्या उष्णतेने कॅमेरा चालतो, आणि डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात. तिसऱ्या-चौथ्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं. तीच होती. फोटोत तिच्या मागे दोन पिल्लं होती.

ती पिल्लं पुन्हा कुठल्याही कॅमेऱ्यात आली नाहीत.

साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. महिनाभराने त्यांनी चॅम्पियनचं पुस्तक वाचायला दिलं. त्यानंतर बदली होऊन ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे तारेची तक्रार आली की आधी वीज मंडळाला फोन, मग वनखात्याला, आणि मग स्वतः शेतावर. निवृत्तीनंतर बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून जनावरं मोजायला जातो. यंदा कोणी येणार असाल तर नाव द्या. डास भयंकर असतात, आधीच सांगतो.

चॅम्पियन १९४७ नंतर पूर्व आफ्रिकेत गेला, तिथेही जंगलाचंच काम केलं. १९७० साली स्कॉटलंडमध्ये वारला. त्या वर्षी आपण सातवीत होतो आणि मी शाळेमागच्या चिंचेवर बेचकीने पाखरं पाडत होतो. सर, ती बेचकी तुम्ही जप्त केली होती. ती परत मागायला मी आलेलो नाही.