पदवी, पात्रता आणि अध्ययन-निष्पत्ती



पदवी घेऊन घरी आलेल्या मुलाला वडीलधारी माणसे आजवर एकच प्रश्न विचारीत आली, ‘किती मार्क पडले?’ त्याला काय येऊ लागले, हे सहसा कोणी विचारीत नसे. गेल्या काही वर्षांत विद्यापीठे हा दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारू लागली आहेत. शिक्षणशास्त्रात त्याला ‘अध्ययन-निष्पत्ती’ म्हणतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे आधी लिहून ठेवावयाचे आणि ते त्याला खरोखरच येते की नाही, हे नंतर तपासावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. शब्द अवजड असला तरी कल्पना साधी आहे. विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेले ते एक वचन होय.

असे वचन देण्याची रीत आपल्या विद्यापीठांत आरंभी नव्हती. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले गेले. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, अशी वाटणी झाल्यामुळे प्रश्नपत्रिका हीच शिक्षणाची दिशा ठरविणारी वस्तू झाली. बेळगाव जिल्ह्यातील उच्च शिक्षण पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाकडे आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आले. विद्यापीठाचे नाव बदलत गेले. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून उत्तीर्ण होण्याची विद्या मात्र कायम राहिली.

या दोषाची जाणीव जाणत्यांना फार पूर्वीच झाली होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्यांची मांडणी केली. लगेचच ब्लूम यांना भारतात पाचारण करण्यात आले आणि १९५८ साली परीक्षासुधारणेसाठी एक केंद्रीय विभागही स्थापन झाला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, मूल्यमापन ही सतत चालणारी प्रक्रिया असून तिचा शिक्षणाच्या उद्दिष्टांशी निकटचा संबंध असतो, असे प्रतिपादन केले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे या परिसराला परके नव्हेत. संकेश्वरहून गडहिंग्लजमार्गे जो आजरा तालुका लागतो, त्यातील बहिरेवाडी हे त्यांचे जन्मगाव. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ भारतीय शिक्षणात कसा घालावा, ही चिंता त्यांनी अखेरपर्यंत वाहिली. आजची अध्ययन-निष्पत्तीची चर्चा या जुन्या चिंतेचीच पुढची पायरी आहे.

१९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ने २०१७ मध्ये सुधारलेल्या आपल्या चौकटीत निष्पत्तीला स्वतंत्र स्थान दिले. अभियांत्रिकी शिक्षणात तर २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यावर ती अपरिहार्यच झाली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही निष्पत्तीवर आधारलेले विषयवार आराखडे प्रसिद्ध केले. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची योजना आली आणि सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून तीन वर्षांची पदवी पुन्हा सुरू झाली. अभ्यासक्रम बदलला की निष्पत्तीची विधानेही नव्याने लिहावी लागतात. ती लिहिली जातात. परंतु कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे. प्रत्येक विषयासाठी पाच-सहा विधाने तयार होतात. पदवीच्या व्यापक उद्दिष्टांशी त्यांचा संबंध एक, दोन, तीन अशा आकड्यांनी तक्त्यात दाखविला जातो. मग, समजा, साठ टक्के गुण हा उंबरठा मानला आणि पन्नासांच्या वर्गात तीस जणांनी तो ओलांडला, तर निष्पत्ती साठ टक्के साध्य झाली असे नोंदले जाते. गणित अचूक असते. पण परीक्षेत वर्गात उतरवून दिलेलेच उत्तर विचारले असेल, तर हा साठचा आकडा स्मरणशक्तीचा असतो; आकलनाचा नसतो. ज्या वर्गात मराठी घेणारे आठच विद्यार्थी असतील, तेथे एका विद्यार्थ्याने हा आकडा साडेबारा टक्क्यांनी वर-खाली होतो. एका मुलीच्या आजारपणामुळे विभागाची गुणवत्ता घसरली, असा अर्थ त्यातून काढणे हास्यास्पद होईल.

दोष मोजमापात जितका आहे, तितकाच विधानाच्या भाषेतही आहे. ‘विद्यार्थ्याला संतकाव्याची ओळख होईल’ हे विधान तपासता येत नाही, कारण ओळख झाली की नाही हे कोणी पाहावयाचे? याउलट, ‘पूर्वी न वाचलेला अभंग समोर ठेवला असता विद्यार्थी त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगेल आणि आपल्या अर्थाला अभंगातलाच आधार दाखवील’ हे विधान तपासता येते. ‘न वाचलेला’ या शब्दांत सारे सार आहे. शिकवलेलेच विचारले तर पाठांतराची परीक्षा होते. अपरिचित मजकूर दिला म्हणजे शिक्षणाची परीक्षा होते. हे विधान विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी वाचून दाखविले पाहिजे. ज्याला वचन दिले, त्यालाच ते ठाऊक नसेल तर ते कागदावरच राहते.

सीमाभागात या विचाराला आणखी एक बाजू आहे. संकेश्वर-निपाणी परिसरातील मराठी विद्यार्थी घरी मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कन्नड वापरतो आणि पुस्तकातून इंग्रजीला सामोरा जातो. तीन भाषांत वावरण्याचे हे सामर्थ्य अन्यत्र मुद्दाम शिकवावे लागते. मग मराठीच्या पदवीत, कन्नडमधील सरकारी पत्राचा आशय वृद्ध शेतकऱ्याला नेमक्या मराठीत समजावून देता येणे, किंवा या भागातील बोलीचे शब्द ऐकून त्यांची अर्थासह नोंद करता येणे, अशी निष्पत्ती का असू नये? मराठी घेऊन पुढे काय करणार, असे विचारणाऱ्या पालकांना हे अधिक समर्पक उत्तर ठरेल. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातून आलेला विद्यार्थी कोठून निघाला आणि कोठवर पोचला, हे अंतरही मोजले गेले पाहिजे. नाईकांनी ज्या समतेचा ध्यास घेतला, तिचा अर्थ येथे प्रत्यक्षात उतरतो.

साहित्याची गोडी मोजता येत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. रसिकतेला वजनकाटा लावता येत नाही. तथापि वाचन घडले की नाही, याची साक्ष घेता येते. अशी साक्ष घेण्यासाठी ग्रंथालयाइतके योग्य स्थान दुसरे नाही. महाविद्यालय आणि ग्रंथालय यांनी मिळून दरवर्षी एक साधा उपक्रम करावा. मराठीच्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक येथून निवडून न्यावे, महिनाभराने दोन जुन्या सभासदांसमोर दहा मिनिटे त्यावर बोलावे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सभासदांनी गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला काय कळले आणि कोठे अडले, एवढेच चार ओळींत लिहून प्राध्यापकांकडे द्यावे. त्या चार ओळी तक्त्यातील आकड्यांपेक्षा अधिक बोलक्या असतील, आणि पुढच्या वर्षी काय वेगळे शिकवावे हेही त्या प्राध्यापकांना सांगतील.

शतकभर या ग्रंथालयाने वाचकाला पदवी न विचारता पुस्तक दिले. आता विद्यापीठाची पदवी हाती असलेल्या तरुणाला त्याने एवढेच विचारावे, ‘बाळ, अलीकडे काय वाचलेस? आणि त्यातले काय पटले नाही?’ या दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे स्वतःचे उत्तर असेल, त्याला विद्यापीठाने दिलेले वचन पाळले गेले, असे खुशाल समजावे.