वाशिष्ठीच्या सोबतीनं समुद्रापर्यंत

आमच्या बचत गटातल्या चौदा जणी चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यावरून होडीनं दाभोळपर्यंत जाऊन आलो, त्याबद्दल आज सांगतो. २२ जुलै २०२१ ला हीच वाशिष्ठी आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती. तेव्हापासून तिची भीतीच वाटायची. म्हटलं, ती जाते तरी कुठे, एकदा बघून येऊ.

लाईफ जॅकेट घालूनच होडीत बसलो. कधी निघायचं ते होडीवाल्या काकांनी तिथीवरून ठरवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता समुद्राला पूर्ण भरती. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे बाराची पाऊणपट नऊ. खाडीत आतपर्यंत भरती यायला आणखी थोडा वेळ लागतो. पाणी उतरायला लागलं, तसे आम्ही त्याच्याबरोबर निघालो.

सुरुवातीला काठाला घरं, माडाच्या बागा, मागे गोविंदगडाचा डोंगर. पुढे चिखलाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या! काकांनी इंजिन बारीक केलं, आम्ही हात आत घेतले. मग दोन्हीकडे कांदळवन. ओहोटीमुळे त्याची मुळं उघडी पडली होती. माती कशी घट्ट धरून ठेवतात, ते समोरच दिसलं. उजवीकडून खेडची जगबुडी येऊन मिळाली आणि पात्र एकदम रुंद झालं. पाण्याची चव खारट, वाऱ्याला मासळीचा वास. शेवटी उजव्या हाताला दाभोळ बंदर, डाव्या हाताला धोपावे, मधे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड आणि मोकळा समुद्र.

दुपारी तीननंतर पाणी उलटं फिरलं आणि भरतीनंच आम्हाला घरी आणलं. तेव्हा एक गोष्ट नीट कळली. डोंगरातून पाऊस उतरत असतो आणि त्याच वेळी समुद्र आत येत असतो, तेव्हा नदीला जायला वाटच राहत नाही. २०२१ चा पूर आला तेव्हा दोन दिवसांवर पौर्णिमा होती, उधाणाचे दिवस होते. वरून मुसळधार पाऊस.

म्हणून मैत्रिणींनो, पावसाळ्यात खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येकीनं कॅलेंडरवरची तिथी बघावी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी चढते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, ती जास्त चढते. जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र येणार असेल, तर भरतीच्या वेळेआधीच म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना, गुरांना उंचावर न्यायचं. रेशनकार्ड, पासबुकं, औषधं पिशवीत बांधून माळ्यावर ठेवायची. सरकारी सूचना आली तर ती आधी पाळायची.

आमच्या गटानं या पावसाळ्यापासून भरतीच्या वेळा फळ्यावर लिहायचं ठरवलंय. नदी आमच्या दाराशीच राहणार आहे. तिचं येणं-जाणं आपल्याला ठाऊक हवं.