संगणक शिकवावा कसा?



लकडगंजात आरा मशीनवर नवा पोरगा आला, की उस्ताद त्याला आधी लाकूड ओळखायला शिकवतो. खटका दाबणे नंतर. संगणकाच्या शिक्षणात आपण नेमके उलटे करतो.

समजा, हजेरीपटावर १००० नावे अकारविल्हे लिहिली आहेत. पट मधोमध उघडा, नको असलेला अर्धा भाग सोडा, उरलेला पुन्हा मधोमध उघडा. फार तर १० वेळा पाहून हवे ते नाव सापडते. यास वीज लागत नाही. पण संगणकाचे मर्म यातच आहे. ए.सी.एम. इंडियाने २०१६ साली सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमात यंत्राविना करावयाचे असेच खेळ आहेत. मग ‘स्क्रॅच’ हाती द्यावे. अमेरिकेतील एम.आय.टी.ने २००७ साली ते खुले केले. त्यात आज्ञांचे ठोकळे जोडावयाचे असतात, आणि त्यास दाम पडत नाही.

हा आग्रह कशासाठी? आज पगाराचा हिशेब संगणक करतो. कामगाराने शंका काढली, की ‘यंत्र चुकत नाही’ असे उत्तर मिळते. यंत्राला आज्ञा माणूसच देतो, हे ज्या मुलाला उमगले, ते मूल उद्या म्हणेल, “ती आज्ञा दाखवा.”

म्हणून पालकहो, शाळेत जाऊन एवढेच विचारा: आमची मुले बटन दाबायला शिकतात, की हिशेब मांडायला?