रिक्तिका : नावाने रिकामी, कामाने भरलेली



'रिक्तिका' म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतली पेशीची आकृती आठवेल. मध्ये मोठी मोकळी जागा आणि तिच्याकडे नेलेला बाण. जुन्या सूक्ष्मदर्शकांतून तिथे काही दिसत नसे, म्हणून हे नाव पडले. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीचा 80 ते 90 टक्के भाग ही रिक्तिका व्यापू शकते. तिच्यात पाणी, क्षार, साखर, आम्ले असतात; बिटाचा लाल रंगही तिथलाच. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर जे पाणी सुटते, ते मुख्यतः रिक्तिकांमधले.

पण आज मेडनहेडमध्ये मला बोलायचे आहे ते मलेरियाच्या परजीवीच्या अन्नरिक्तिकेबद्दल. हा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथले हिमोग्लोबिन या आम्लधर्मी रिक्तिकेत पचवतो. त्यातून सुटणारे हीम त्याला स्वतःलाच विषारी असते. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी, काळपट स्फटिक करून ठेवतो. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी ओळखला, तो अशाच काळ्या कणांवरून.

क्लोरोक्विन नेमके या रिक्तिकेत साठते आणि स्फटिक बनू देत नाही. परजीवी आपल्याच कचऱ्याने मरतो. पुढे फाल्सिपेरम जातीत रिक्तिकेच्या पटलातले एक प्रथिन बदलले आणि औषध बाहेर टाकू लागले. त्याचे जनुक 2000 साली सापडले. भारतात फाल्सिपेरमवर आता आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार देतात. विवॅक्सवर मात्र क्लोरोक्विनच. म्हणजे गडचिरोलीच्या पाड्यावर ताप आलेल्या मुलाला कोणती गोळी द्यायची, हे बोटाच्या एका थेंब रक्ताच्या तपासणीवर ठरते. अंगारा किंवा अंदाजाने दिलेली गोळी, दोन्हींत तोच मोलाचा वेळ जातो.

आपल्यातही एक समजूत आहे : "आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला मलेरिया होत नाही." वारंवार लागण होऊन आलेली प्रतिकारशक्ती बाहेर राहिल्यावर ओसरते, आणि इथे जन्मलेल्या मुलांना ती मुळातच नसते. भारतात जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर प्रवासाचे आवर्जून सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.