गेलेल्या माणसाचं गाणं

घरातलं माणूस गेलं की दहाव्याला प्रवचन ठेवायचं, वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवायचं, ही आमच्या सातारा-पुणे भागातली रीत. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. गेलेल्या माणसावर लोक खास गाणं लिहून घेतात. गीतकाराला गाठतात, चाल लावून घेतात, स्टुडिओत रेकॉर्ड करतात आणि प्रथम पुण्यस्मरणाच्या दिवशी फोटोला हार घातला की ते स्पीकरवर लावतात. मी गाणी लिहिते, त्यामुळे हे काम माझ्याकडे येत असतं. मला ते मोलाचं वाटतं. म्हणूनच, तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं गाणं करून घ्यायचं असेल तर ते कसं करून घ्यावं, याबद्दल आज बोलणार आहे. माझं मुख्य सांगणं असं, की ते गाणं घरच्यांना म्हणता आलं पाहिजे. नुसतं ऐकायचं गाणं त्या एका दिवसापुरतं उरतं.

पैसे देऊन आपल्या माणसाची आठवण संगीतात करून घेणं हे काही आजचं नाही. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. फ्रांत्स फॉन वाल्सेग नावाचा एक सरदार होता. १४ फेब्रुवारी १७९१ रोजी त्याची बायको आना वारली. अवघी वीस वर्षांची होती. तिच्या स्मरणार्थ अंत्यप्रार्थनेचं संगीत हवं, म्हणून त्यानं व्हिएन्नाला मोत्सार्टकडे माणूस धाडला. आपलं नाव मात्र कळू दिलं नाही. मोत्सार्टनं काम हाती घेतलं, पण ते पुरं व्हायच्या आत, ५ डिसेंबर १७९१ला, तो स्वतःच गेला. त्याच्या बायकोनं, कॉन्स्टान्झेनं, उरलेलं काम झ्यूसमायर या त्याच्या शिष्याकडून करून घेतलं. सरदारानं ती सगळी रचना स्वतःच्या हातानं उतरवून काढली आणि १४ डिसेंबर १७९३ रोजी, आपलीच म्हणून, वादकांसमोर उभं राहून सादर केली.

नाव लपवलं, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मिरवलं, यावरून त्या सरदाराला पुष्कळ नावं ठेवली गेली. मला वेगळंच वाटत राहतं. त्या रचनेचे शब्द म्हणजे चर्चमधली लॅटिन प्रार्थना, कोणीही गेलं तरी तीच म्हणायची. तिच्यात आनाचं नाव नाही, तिची एखादी सवय नाही, तिच्या घराची खूण नाही. आज जगभर ते संगीत गायलं जातं आणि ऐकणाऱ्याच्या मनात येतो तो मोत्सार्टचा मृत्यू. जिच्यासाठी ते मागवलं, ती त्यात कुठेच नाही. इतक्या थोर माणसाकडून करून घेतलेलं काम, तरी.

आपल्याकडच्या बायकांनी हे काम कोणाला सांगितलं नाही, स्वतःच केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आईच्या मरणाच्या ओव्या आहेत, अहेव मरणाच्या आहेत, माहेर तुटल्याच्या आहेत. दळता दळता बाई आपल्या माणसाचं नाव ओळीत बसवायची. दुसऱ्या दिवशी तीच ओवी पुन्हा तोंडात यायची, कधी एखादा शब्द बदलून. गाणं कामाच्या हाताबरोबर चालायचं, त्याला निमित्त लागत नव्हतं.

आणि नामदेवांचे समाधीचे अभंग काढून बघा. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्याचं वर्णन त्यांत आहे. समाधीची जागा झाडून घ्यायला आपली मुलं नारा, विठा, गोंदा आणि महादा यांना पाठवलं, हेही त्यांत येतं. एवढ्या मोठ्या दुःखात झाडलोटीचा उल्लेख नामदेवांना राखावासा वाटला. आंबेडकरी गायनपार्ट्यांत रमाईवर जी गाणी होतात, त्यांत शेण वेचून गोवऱ्या थापणारी रमाई असते. ऐकणाऱ्या बाईला ती ओळखीची वाटते ती त्या गोवऱ्यांमुळे.

आता माझ्याकडे येणारी माणसं काय घेऊन येतात ते सांगते. ती एक कागद आणतात. त्यावर लिहिलेलं असतं: प्रेमळ, कष्टाळू, मायाळू, सर्वांना सांभाळून घेणारी. खोटं यातलं काहीच नसतं. पण हा कागद कोणाच्याही आईला चालेल. असाच कागद घेऊन एक मुलगा आला होता. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी बायकोला आणा, बहिणीलाही आणा. चुलीपाशी आईबरोबर बसलेल्या त्या.

सून बोलायला लागली आणि सगळं उजेडात आलं. सासूबाई पहाटे उठून तव्यावर मिसरी भाजायच्या. धुरानं सगळं घर खोकत उठायचं. पत्र्याची डबी, झाकण जरा चेपलेलं, अजून कोनाड्यात आहे. नातू कॉलेजला निघाला की त्याच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत जायच्या, पदराची गाठ सोडायच्या आणि घडी घातलेली दहाची नोट त्याच्या हातात कोंबायच्या. नोटेला मिसरीचा वास. नातू मित्रांसमोर लाजायचा, पण नोट खर्च करायचा नाही. आजी गेल्यावर त्याच्या पुस्तकांत अशा नोटा निघाल्या.

मुलगा म्हणाला, "ताई, मिसरीचं नको गाण्यात. पाव्हणे येणार, लोक काय म्हणतील?" सून म्हणाली, "आवो, आत्यांच्या हाताला तोच तर वास हुता." मी सुनेची बाजू घेतली. गाण्यात मिसरी आली, डबी आली, पदराची गाठ आली. प्रेमळ हा शब्द कुठे घालावा लागला नाही.

चाल मी लावली नाही. मुलीला आईची जात्यावरची चाल पाठ होती, तीच घेतली. स्टुडिओतल्या गायिकेनं आधी ती आपल्या उंच पट्टीत म्हटली, फार सुंदर म्हटली. पण घरातल्या बायकांचा आवाज तिथवर पोचेना, म्हणून पट्टी खाली आणली आणि साथीला पेटी आणि टाळ एवढंच ठेवलं. आता त्या घरी पौर्णिमेच्या भजनात ते गाणं म्हणतात. रेकॉर्डिंग कुठल्या फोनमध्ये आहे हे कोणी विचारतही नाही.

नावाचंही असंच. कागदोपत्री समजा पार्वतीबाई असेल. पाच अक्षरं, अभंगाच्या सहा अक्षरांच्या चरणात नावाखेरीज एकाच अक्षराला जागा. मग मी विचारते, घरी काय म्हणत होता? पारूआक्का. चार अक्षरं, दोन अक्षरांना वाव राहिला, आणि घरातल्या माणसांना हाकही ऐकू आली. सरकारी नाव निमंत्रणपत्रिकेवर छापा, गाण्यात हाकेचं नाव येऊ द्या.

सगळी माणसं गुणीच असतात असं नाही आणि गेल्यामुळे ती गुणी होत नाहीत. एक मुलगी वडिलांवर गाणं करून घ्यायला आली. वडील पीत होते. ती म्हणाली, "दारूचं लपवू नका. पण तेवढंच लिहू नका." सायकल शिकवताना कॅरिअर धरून धापा टाकत मागे पळणारे वडील पहिल्या कडव्यात आले. संध्याकाळी दाराबाहेर पाय वाजले की ते कसे वाजतात याचा अंदाज घेत बसलेलं घर तिसऱ्या कडव्यात आलं. तिच्या भावाला तिसरं कडवं पटलं नाही. आम्ही खूप बोललो, तरी नाही पटलं. तो बाकीचं गाणं म्हणतो, ते कडवं आलं की थांबतो, बहीण एकटी म्हणते. मला यात काही वावगं वाटत नाही. दोघांना एकाच बापाचा अनुभव वेगळा आला होता, आणि एका गाण्यात दोघांना जागा मिळाली.

मोबाईलवर आता नाव आणि चार माहितीच्या ओळी दिल्या की मिनिटाभरात तयार गाणं मिळतं. मी अशी पुष्कळ ऐकली आहेत. चाल गोड असते, यमकं जुळतात. पण त्या ॲपला जो कागद द्याल त्याचंच गाणं ते करणार, आणि कागदावर तर प्रेमळ, कष्टाळू, मायाळू एवढंच आहे. सुनेला बोलवा, असं ते म्हणत नाही. ज्यांना ते वापरायचं आहे त्यांनी जरूर वापरावं, पण आधी घरातल्या चारजणांना एकत्र बसवावं आणि दोन तास नुसतं बोलू द्यावं. त्यात रडणं होतं, हसणंही होतं, जुनं भांडणही निघतं. सगळं लिहून घ्यावं.

तेराव्याच्या आत गाण्याची घाई करू नये. तेव्हा घर पाव्हण्यांत आणि खर्चात बुडालेलं असतं, आठवणी सुचत नाहीत, सुचतात त्या लोकांना सांगायच्या. वर्षश्राद्धाच्या दोन-तीन महिने आधी सुरुवात केली तर पुरे. ध्रुवपद दोन ओळींचं असावं, कडवी तीन, फार तर चार. म्हणजे शेजारच्या बायकाही पहिल्याच दिवशी धरतात. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भजनाच्या वहीत चिकटवावं.

गीतकार शोधण्याआधी मात्र एक काम उरका. तुमच्या आईची, आजीची चाल ज्यांना येते ती माणसं, म्हणजे मावशी, थोरली आत्या, गावाकडची चुलती, आता थकली आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा आणि त्यांना म्हणायला सांगा. शब्द चुकले तर मध्येच अडवू नका, चुकलेले शब्दही राहू द्या. त्या कोणाकडून शिकल्या तेही विचारून घ्या, आणि ते नावही रेकॉर्ड करून ठेवा.