काल्हेरमध्ये फायबरग्लासचा पूल: रंग नंतर, आधी जमिनीतलं पाणी बघा

आजचा विषय जरा चैनीचा वाटेल: घरामागे बसवायचा तयार फायबरग्लासचा स्विमिंग पूल. पण काल्हेर, कशेळी, पूर्णा या पट्ट्यात गोदामं आणि टॉवर यांच्या मधोमध अजूनही स्वतःचं घर आणि मागे मोकळी जागा असलेली कुटुंबं आहेत. आमचं त्यातलंच एक. नातवंडांनी घरीच पोहायला शिकावं, असं बाबांनी मनावर घेतलंय. पैसे त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून जाणार, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलवाला नाही; पण इथे शाळेतला आर्किमिडीज पुरतो.

आधी वस्तू समजून घेऊ. कारखान्यात साच्यावर एका तुकड्यात बनवलेली ही टाकी. आतून गुळगुळीत जेलकोट, त्यामागे काचतंतू आणि रेझिनचे थर. टाईल्सच्या फटी नाहीत, त्यामुळे शेवाळ कमी धरतं आणि घासायलाही सोपं. खड्डा तयार असेल तर टाकी लवकर बसते. सिमेंटच्या पुलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. अडचण एकच, टाकी दुमडता येत नाही. ३ मीटर रुंदीची टाकी ट्रेलरवरून गल्लीत वळेल का, वर विजेच्या तारा आहेत का, क्रेन कुठे उभी राहील, हे टेप घेऊन आधीच मोजायचं.

आता मुख्य मुद्दा. सगळे विचारतात, पूल गळेल का? आपल्याकडे दुसरा प्रश्न मोठा आहे: पूल तरंगेल का?

काल्हेर खाडीच्या काठावर. पावसाळ्यात जमीन भरलेली असते, त्यात उधाणाची भरती आली की पाण्याचा निचरा आणखी मंदावतो. समजा, पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल आहे. त्यात सुमारे २५,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे १०,००० लिटरचे अडीच टँकर. जुलैमध्ये साफसफाईसाठी तो रिकामा केला आणि बाहेर भूजल पुलाच्या तळापेक्षा १ मीटर वर असलं, तर? १८ चौरस मीटर गुणिले १ मीटर, म्हणजे खालून १८ टनांचा जोर. रिकाम्या टाकीचं वजन त्यापुढे काहीच नाही. टाकीची होडी होते, पाइप तुटतात, कडेची फरशी उखडते. टाकी जागेवर राहते ती मुख्यतः आतल्या पाण्याच्या वजनामुळे.

म्हणून रंगाचं कॅटलॉग उघडायच्या आधी एक काम. भर पावसाळ्यात मागे दीड-दोन मीटरचा चाचणी खड्डा घ्या, त्याला कुंपण घाला, आणि दोन दिवसांनी पाणी कुठे स्थिरावलंय ते बघा. शेजारी विहीर असेल तर ऑगस्टमधली पातळी बघा.

मग विक्रेत्याला विचारा. टाकीशेजारी तळापर्यंत जाणारा उभा पाइप देणार का, ज्यातून पंपाने बाहेरचं पाणी उपसता येईल? कडेने सिमेंटचा पट्टा येणार का? भरावात काय घालणार? चिकणमाती नको, ती ओली झाली की फुगते. बारीक खडी हवी. आणि आत पाणी, बाहेर खडी, दोन्ही बरोबरीने चढवायचं, नाहीतर भिंतीला पोट येतं. ही उत्तरं कोटेशनमध्ये लेखी घ्या.

आमचं असं ठरतंय: सरसकट १.२ मीटर खोलीची टाकी, त्यातली निम्मी जमिनीत आणि निम्मी वर. वरच्या भागाला मातीचा आधार नसतो, म्हणून बाहेरून आरसीसीची भिंत, आणि तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. खर्च वाढतो. पण खालून लागणारा जोर कमी होतो, आणि अंगणात साचलेलं गढूळ पाणी सहज आत येत नाही. बाबांना सूर मारण्याएवढी खोली हवी होती. मी म्हटलं, "बाबा, पोरं शिकणार आहेत, त्यांना उभं राहता आलं पाहिजे." त्यावर ते काही बोलले नाहीत. म्हणजे निम्मा होकार धरतो.

शेवटचं, आणि यात तडजोड नाही: चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. त्याचे पैसे पुलाच्या बजेटमध्येच धरा, उरले तर बघू असं नको. तुमच्या गावात पावसाळ्यात विहीर किती वर येते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.